रांजणाजवळची जागा

लिहून ठेवणार दुर्गाबाई, पुंजाराम माळी यांची विधवा, राहणार जुने शहर, अकोला, मोर्णेच्या काठी. नवऱ्याचे नाव कागदाला लागते म्हणून लिहिले. तोंडाने घेतलेले नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. छातीत कफ आहे, पण तो बुद्धीच्या बराच खाली आहे. हा लेख मी कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने लिहीत नाही. दीर महादेवराव यांनी या आजारात शिरा पाठवला, तो मी खाल्ला. त्याचा या लेखावर काही परिणाम झालेला नाही.

अक्षर माझेच आहे. शाळा मी पाहिली नाही. दारावरून कापसाची गाठोडी जात, त्यांवर व्यापाऱ्यांची नावे रंगवलेली असत. ती पाहता पाहता अक्षरे लागली. त्यामुळे मला देवाच्या आधी दलाल वाचता आले. पोथी पुढे आली. अक्षरही गाठोड्यावरच्यासारखेच मोठे आहे, म्हणून कागद जास्त लागला. तो कोणी उधळेपणा समजू नये.

माझ्या पश्चात व्यवस्था करावयाची ती अशी.

राहते घर सासरचे आहे. ते रीतीप्रमाणे महादेवरावांकडे जाईल. छप्पर गळते, तेही त्यांच्याकडे जाईल.

माझे हातातले चांदीचे गोट आणि पोथी लेक वच्छला हिला, जी मोर्शीस दिली आहे. गोट तिने मोडू नयेत. पोथी तिने वाचली नाही तरी चालेल, पण तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवू नये.

भाजीचा तराजू शेजारीण मैनाबाई हिला. त्याचे एक पारडे चिंचोक्याएवढे जड आहे. कोणते, ते तिला ठाऊक आहे. ती जन्मभर माझ्याकडूनच वांगी घेत आली.

मुसळ. हे मुसळ माझ्या माहेरचे. धाकटी जाऊ पार्बताबाई, महादेवरावांची बायको, म्हणत आली की ते सासूबाईंनी तिला दिले. यावरून आम्ही कित्येक वर्षे लागेल तेवढेच बोललो. आता मी ते तिला देते. परंतु ते माझे होते, म्हणूनच मला देता येते, हे तिने ध्यानात ठेवावे.

आता घरामागचे अंगण, ज्यासाठी हा कागद करते.

हे अंगण माझ्या वडिलांनी विकत घेऊन मला आंदण दिले. कागद पेटीत आहे. त्यावर सासरच्या कोणाचा हक्क नाही. त्यात लिंबाखाली एक रांजण आहे आणि रांजणाजवळ एक दगड आहे. त्या दगडावर मी रोज सकाळी बसते. महादेवरावांना तेथे कापूस रचायचा आहे. विलायतेला कापूस मिळेनासा झाल्यापासून आमच्याकडे माणसे पाऊल टाकायचे तरी कापूस बाजूला सारून टाकतात.

"वैनी, भाव रोज चढून राहिला," ते मला म्हणाले. "तुमी रिकाम्या बसता तेवढ्या जागेत मायी गंजी मावते."

"भाऊजी, मी रिकामी नाई बसत."

"मंग काय करता?"

"बसते."

ते हात जोडून निघून गेले. म्हणून त्यांच्यासाठी येथे नीट लिहिते.

आमच्याकडच्या विहिरी खाऱ्या. पिण्याला मोर्णेचे पाणी, आणि ते पावसाळ्यात वरणासारखे येते. ते रांजणात ओतायचे, निवळीचे बी दगडावर उगाळून पाण्यात फिरवायचे आणि गाळ तळाशी बसेपर्यंत रांजणाला धक्का लागू द्यायचा नाही. मी नवी नवरी आले तेव्हा सासूबाईंनी मला या दगडावर बसवले आणि म्हणाल्या, "इथून हालू नको, वासरू तोंड घालते." एवढीच दीक्षा. वासरू मोठे झाले, त्याचा बैल झाला, बैल विकला. मी बसतच राहिले.

बसायचे म्हणजे हात मांडीवर, डोळे पाण्यावर, श्वास जसा चालेल तसा चालू द्यायचा. जप नाही. विचार येतात. ते महादेवरावांसारखे आहेत; न विचारता आत येतात. त्यांना हाकलले तर भांडतात. पानसुपारी दिली तर मुक्कामच करतात. आले तसे पाहावे आणि पुन्हा पाण्याकडे पाहावे, म्हणजे कंटाळून जातात. मैनाबाई म्हणते, तेथे बसले की मनही निवळते. माझे कधी निवळले नाही. ते किती गढूळ आहे ते मात्र रोज दिसले, आणि ते माहीत असलेली बाई घरात जरा कमी ओरडते.

हे बसणे मोडले नाही असे कोणी समजू नये. पुष्कळदा मोडले.

कापसाचा भाव चढला तेव्हा आमच्या घरधन्यांनी वांगी उपटली, मिरची उपटली आणि मळाभर कपाशी लावली. अंगणात सरकी काढायचे रेचे लागले, बायका आल्या, धूळ आली. मी म्हणाले, आता कुठले बसणे. मग पाणी न निवळताच प्यायलो. साऱ्या घराची पोटे बिघडली, आणि भाव ठरवायला आलेला दलाल ठरवण्याआधीच नदीकडे धावला. घरधनी हसत म्हणाले, "जाय वं, बस तुया रांजणाजवळ. तू पान्याले राखून राहिली का पानी तुले, देव जाने." दुसऱ्या दिवशी मी बसले.

खंड पडला म्हणून एका जोश्याने मला प्रायश्चित्त आणि ब्राह्मणभोजन सांगितले. मी त्यास विचारले की हे व्रत कोणत्या देवाचे आहे ते आधी सांगा, म्हणजे नैवेद्य ठरवू. ते अजून पाहून सांगणार आहेत. मी मात्र मनातून घाबरले आणि राहिलेले बसणे एकदम भरून काढावे म्हणून एकदा सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत बसले. डोके चढले, भाकरी जळली आणि माझा डोळा लागला तेव्हा शेजारची म्हैस अर्धा रांजण प्याली. तेव्हापासून नियम केला की राहिलेले भरून काढायचे नाही. पाणीही कालचे कोणी आज निवळत नाही.

पुढे घरधनी कापसाच्या गाड्या घेऊन खामगावास गेले. वाटेत पटकी झाली. गाड्या परत आल्या. बैलांना घर माहीत होते.

त्यानंतर मी तो दगड पाहिला नाही. वाटे, घरात पाणी निवळत होते आणि त्यांना वाटेत कुठले मिळाले असेल. पावसाळा लागला. रांजणात गढूळ पाणी पडून राहिले. एका सकाळी पार्बताबाई, जी मुसळामुळे माझ्याशी धड बोलत नव्हती, डोक्यावर घागर घेऊन आली आणि ती माझ्यापुढे आदळून म्हणाली, "ऊठ, बाई. तुयं रडनं मले चालते. गढूळ पानी नाई चालत. रडाचं असन तं तिथं बसून रड."

मी तेथे बसून रडले. पाणी त्याच्या वेळेने निवळले. ते आजवर तसेच चालले आहे; रडणे आहे, पाणी आहे, दोन्हींची एकमेकांना हरकत नाही.

आता या आजारात मला उठवत नाही. खाटेवरून दारातून रांजण दिसतो. पार्बताबाई पाणी आणते, बी उगाळते आणि बसते. बसते म्हणजे कोंबड्यांना शिव्या देते, पदर झटकते, पुन्हा बसते. मध्ये तिच्या घरी कापूस तोलायचा होता, तेव्हा ती आली नाही. मी पडल्या पडल्या समजून चुकले की संपले, आता कापूस रचणार. दुसऱ्या सकाळी ती बी उगाळताना दिसली.

मी म्हणाले, "पार्बते, काल काहून नाई बसली?"

ती मागे न वळता म्हणाली, "काल नाई बसली, म्हनून आज बसू नको का?"

जे मला म्हशीपायी कळले ते हिला कोणी न सांगता कळले. मला राग आला. मग राग पाहिला आणि पाण्याकडे पाहिले.

म्हणून सदरहू अंगण, लिंब, रांजण, दगड आणि निवळीच्या बियांची पिशवी मी पार्बताबाईस देते. तिच्या नवऱ्यास नव्हे. तिने रोज बसावे. नाही बसली तर दुसऱ्या दिवशी बसावे. अनेक दिवस नाही बसली तरीही दुसऱ्याच दिवशी बसावे, त्याला मुदत नाही. तिला जाब कोणी विचारू नये, जोश्याने तर नाहीच. परंतु अंगणात कापसाचे एक बोंडही रचले गेल्यास अंगण वच्छलेकडे जाईल. वच्छला कशी बोलते ते महादेवरावांना तिच्या लग्नापासून माहीत आहे.

माझ्या तेराव्याला आलेल्यांना जेवणाआधी याच रांजणातले पाणी द्यावे, आणि ते निवळेपर्यंत थांबवावे. भूक लागली तर लागू द्यावी.

वरील मजकूर माझाच आहे. दुर्गाबाई.

साक्ष, हस्ताक्षर खुशालराव. मी व नत्थुजी कुंभार यांनी लेख ऐकला. आज लिहिण्यात बसणे राहिले असे म्हणून बाईंनी खाट अंगणात आणवली आणि पाणी निवळल्याशिवाय सही करणार नाही असे सांगितले. आम्हांसही बसावे लागले. तेवढ्यात महादेवराव कापसाची गाडी घेऊन दाराशी आले व भाव सांगू लागले. पार्बताबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ओरडू नका. पानी बसून राहिलं." महादेवराव थोडा वेळ उभे होते, नंतर खाली बसले. पाणी निवळल्यावर बाईंनी आमच्यासमक्ष सही केली. नत्थुजींना उठवून त्यांचा अंगठा घेतला. महादेवराव अद्याप बसलेले आहेत.

मुक्काम अकोला, जुने शहर. फाल्गुन शुद्ध दशमी, शके १७८६, रक्ताक्षी नाम संवत्सर.