सॉफ्ट फिल्टर कोणाला देऊ नये

मी, दशरथ बाबुराव म्हात्रे, वय ७१, धंदा फोटोग्राफी (आता बंद), राहणार नवघर, भाईंदर पूर्व, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. थकलो आहे, पण डोकं ठिकाणावर आहे.

१. राहतं घर मुलगा स्वरूप आणि मुलगी मनाली यांना निम्मं निम्मं. स्वरूपचा बेव्हर्ली पार्कला फ्लॅट आहे, त्याने कुरकुर करू नये.

२. पोलरायझर फिल्टर समोरच्या स्टुडिओवाल्या कुलदीपला. मी नवऱ्या मुली गोऱ्या करून देतो, असं तो गावभर सांगायचा. खरंच होतं ते. हा फिल्टर पाण्यावरची चमक काढतो, म्हणून मिठागरावर लावू नये, नुसता चिखल दिसतो. मला हे कळलं तोवर आमचं मिठागर भराव टाकून बुजवलं होतं.

३. सॉफ्ट फिल्टर. ही काच लेन्सवर चढवली की चेहऱ्यावरचे डाग जातात. माझी पत्नी कै. सावित्री हिच्या गालांवर देवीचे व्रण होते. लग्नानंतर मी काढलेला पहिला फोटो बघून ती म्हणाली, "बेस हाय. पन ही मी न्हाय." मी हसलो. पुढे तिचा प्रत्येक फोटो याच काचेतून काढला. त्यातलाच एक आज हार घालून भिंतीवर आहे, आणि मनाली घरी आली की तिकडे बघत नाही.

नऊ वर्षांची असताना मनालीने फिल्टर पुसायला काढला, परत लावायला विसरली आणि अंगणात बोंबील वाळत घालणाऱ्या आईचा फोटो काढला. रोल वाया घालवला म्हणून मी तिला मारलं. त्यानंतर तिने कॅमेऱ्याला हात लावला नाही. याची मला फार लाज वाटते.

तो फोटो माझ्या कपाटात, पासबुकांखाली आहे. त्यात व्रणांसकट सावित्री आहे. भिंतीवरचा उतरवून तोच लावावा. कॅमेरा मनालीचा. सॉफ्ट फिल्टर कोणाला देऊ नये, फोडूही नये. काचेचा दोष नाही, निवडणारा मी होतो.

४. मी गेल्यावर हार घालायचा माझा फोटो मनालीनेच काढावा, बिनफिल्टरचा. त्यासाठी मी जिवंत असणं भाग आहे, म्हणून या कागदाची झेरॉक्स तिला आजच पाठवत आहे. मनाली, रविवारी ये. मी दाढी करणार नाही.

सही: द. बा. म्हात्रे
आमच्या दोघांसमक्ष सही केली: जयकुमार शहा (शेजारी), हिना शेख (औषधांचं दुकान)
भाईंदर पूर्व, १२ फेब्रुवारी २०२५