पहिल्या पानावरची दुआ

१६ जानेवारी १९५९, शुक्रवार
आज फजरच्या नमाजेनंतर चहा केला आणि पणजोबांना दापोलीच्या कॅम्पात भरती केलं. साल १८३८, वय अठरा. चार ओळी झाल्या आणि थांबलो. पुढे सरळ मुलतानला न्यावं की आधी लग्न लावावं?

गावात नवी शाळा होते आहे. माझा चुलतभाऊ कमाल कमिटीचा सेक्रेटरी. शाळेला पणजोबांचं नाव द्यायचं ठरलंय – सुभेदार इसाक परकार. त्यांचं चरित्र मी लिहायचं, कारण घराण्यात फायनल पास मी एकटाच. कमाल लिहितो, 'वीरश्री पाहिजे, मुनव्वर. पोरांच्या अंगावर काटा आला पाहिजे.' इथं आखातात इंग्रज कंपनीच्या गोदामात नळाच्या तोट्या मोजणाऱ्यानं काटा कुठून आणायचा?

१८ जानेवारी
पणजोबांच्या पेन्शनीचा कागद पुन्हा वाचला. आजोबा सांगायचे, मुलतानला छातीवर तीन गोळ्या झेलल्या. कागदात जखम एकच. डाव्या टाचेला.

खोलीत आम्ही दोघं, मी आणि श्रीवर्धनचा अशरफ. तो कंपनीची लॉरी चालवतो. त्याला विचारलं, टाचेला गोळी म्हणजे पाठ दाखवली की काय?
"मुनव्वरभाई, खंदकात उतरताना पाय मागेच राहतो की."
हे पटलं. टाच तशीच लिहिली.

२३ जानेवारी, शुक्रवार
जुम्म्यानंतर समुद्रावर बसून १८५७ लिहिलं. त्या साली मुंबईची फौज इराणवर चालून आली होती, पणजोबा तेव्हा जमादार. मोहम्मरा घेतलं. आता त्याला खुर्रमशहर म्हणतात. इथल्या धक्क्यावरून रोज लाँच जाते! नऊ वर्षं इथं फहाहीलला काढली आणि आपलं माणूस याच पाण्यातून गेलं होतं हे मनातच आलं नाही.

घरात सांगतात, तिथल्या एका मरणाऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी पाणी पाजलं. त्यानं खूश होऊन आपलं कुराण शरीफ त्यांना दिलं. ते आज माझ्या उशाशी आहे. परमुलखात निघालो तेव्हा आईनं बांधून दिलं. पहिल्या पानावर हातानं लिहिलेली सुभेदारांची दुआ आहे. घरातलं कोणी प्रवासाला निघालं, नवरी सासरी चालली, की ती पढायची. जेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा, नाहीत; आजोबांनी म्हटली तशी आम्ही म्हणत आलो. अशरफच्या लायसनच्या परीक्षेलाही मीच पढलो होतो. पास झाला.

कमालला ती शाळेच्या दारावर कोरायची आहे.

३० जानेवारी, शुक्रवार
कोरायची तर अक्षर चुकू नये. म्हणून कुराण घेऊन आगा जाफरकडे गेलो. कोपऱ्यावरचा इराणी नानबाई, म्हणजे रोटीवाला, तरुणपणी मुंबईत डोंगरीला राहिलेला, हिंदी बोलतो. त्यानं पीठ झटकून हात धुतले, वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे तुम्ही पढता?"
"प्रवासाला निघताना."
त्याला हसू आवरेना. मग डोळे पुसले आणि एकेक शब्द सांगितला. दुआ नाहीच. फारसी आहे. 'हे कुराण मोहम्मऱ्याच्या नदीकाठच्या मशिदीला वक्फ केले आहे. कोणी विकू नये, बक्षीस देऊ नये, बाहेर नेऊ नये. नेईल त्याने कयामतीला जाब द्यावा.'

"मशीद आहे अजून," जाफर म्हणाला. "माझी बहीण त्याच गल्लीत दिली आहे."

३१ जानेवारी
अशरफ पोट धरून हसला. "शंभर वर्षं मशिदीचा नोटीस बोर्ड पढत होता तुम्ही! आणि मग माझं लायसन?"
मीही हसलो. कामावर तोट्या दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा आकडा वेगळा.

वक्फ म्हणजे अल्लाची मालमत्ता. ती म्हातारा देऊ शकत नाही, जमादार घेऊ शकत नाही. मग म्हातारा होता तरी का? आग लागली असेल, वाचवायला उचललं असेल. किंवा नुसतंच उचललं असेल. पणजोबांनी लुटलं असं लिहवत नाही. नाही लुटलं असंही लिहवत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
कमालला सगळं कळवलं. कुराण परत द्यावं म्हणतो आणि चरित्रातही तसं लिहितो, म्हणून.

१९ फेब्रुवारी
कमालचं उत्तर. 'फारसी गावात वाचतो कोण? कोरून टाकू, शोभेल. तुला परत देण्याची लहर आली असेल तर ऐक, कमिटी दुसरं नाव शोधेल. खालच्या मोहल्ल्यातले टपूनच बसलेत. सुभेदारांचं नाव पुसणारा परकारच निघाला, असं लोक म्हणतील.'

म्हणतील खरे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
अशरफ म्हणाला, "मुनव्वरभाई, गुपचूप देऊन या. गावाला सांगायचं कशाला?"
चांगला सल्ला आहे. दिवसभर आवडला. मगरिबच्या नमाजेला हात बांधून उभा राहिलो आणि आवडेनासा झाला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
बायकोचं, कुबराचं पत्र. पोरीकडून लिहून घेतलंय, पण बोलणं तिचंच. 'आपलं नव्हतंच तर देऊन टाका. घरातल्या निकाहला दुसरं कुराण आणू. पण सासूबाईंना मी सांगायची नाही. त्या तुमच्या आई आहेत, तुम्हीच सांगा.'

आईला लिहिलं. हे पत्र चरित्रापेक्षा लांब झालं.

चरित्रही पुरं केलं. दापोली, मुलतान, टाच, मोहम्मरा, कुराण. काही गाळलं नाही. काटा येईल असं वाटत नाही. कमालला रजिस्टरनं पाठवलं.

२ मार्च
पासपोर्टवर इराणचा शिक्का मिळाला. जाफरनं बहिणीसाठी बिस्किटांचे डबे बरोबर दिले आहेत. अशरफ विचारतो, निघताना काय पढणार? म्हटलं, अल्हम्दू, रोज नमाजेत पढतो ती. तिचा अर्थ ठाऊक आहे.

६ मार्च, शुक्रवार, खुर्रमशहर
जुम्म्यानंतर कुराण शरीफ मशिदीत दिलं. मौलवीसाहेबांनी वही उघडली. कोणी दिलं म्हणून लिहू?
म्हटलं, देणाऱ्याचं राहू द्या. नेलं कोणी ते लिहा. जमादार इसाक परकार, मुंबईची पलटण, १८५७.
त्यांनी लिहिलं. खाली नातं विचारलं. पणतू, म्हणून मी सही केली.