शिवता न येनारी रेघ

मंगळवार, ९ जानेवारी ६२

पह्यली आली थे शेजारची कौसी. पन आंगनात नाही, कुंपनापाशीच, पदर नाकाले. "इमलची आजी, नर्सबाई कायले आलती वं?" म्या म्हटलं, माह्यं लगन जमवाले. कौसी हासली नाही. एरवी चहा पेल्याबिगर हालत नाही थे.

नर्स म्हने, "पोरीले टीबी हाय. मोठ्या दवाखान्यात पलंग भेटते का पाहा. तवरोक तिचा कप वेगळा ठेवा, उकळत जा."

वेगळा कप. अर्धी जिनगानी दुसऱ्याच्या ओट्याखाली ओंजळ धरून पानी पेली मी. दीक्षा घेतली, वाटलं सुटलो. आता माह्याच हातानं माह्या नातीचा कप... दांडीवाला कप घरात एकच, पाहुन्याचा. तोच तिले देल्ला. दांडीले हिरवा दोरा बांधला.

शुक्करवार, १२

ताप कमी. इमल उठून बसली. नागपुराले गनित शिके माही नात, वस्तीतली पह्यली. ही वही तिचीच, मांगची पानं कोरी होती. अक्षरंबी मले तिनंच शिकवली.

वहीतली एक रेघ दाखवली. सरळ काडी घ्याची, तीन हिस्से कराचे, मधला काढून तिथं छपरावानी दोन काड्या उभ्या कराच्या. मंग चारही काड्यांवर तेच. मंग परत तेच. सरतच नाही. म्हने, "आजी, कितीबी जवळून पाह्य, इथं कोन हाय." म्या दाराकडं पाह्यलं. कोन आलं? लय हासली पोरगी. हासता हासता खोकला लागला. फडक्यावर रगत.

सोमवार, १५

थे रेघ तिच्या वाकळीवर शिवाले घेतली. तेवढाच तिले विरंगुळा. वीतभर जागा.

इमल म्हने, या रेघेले स्पर्शिका नाही. थे काय वं? तं म्हने, वाकड्या रेघेले एका जागी अलगद शिवून जाते थे सरळ रेघ. गुळगुळीत असन तं शिवते. हिले जिकडं तिकडं टोकंच, म्हून कुठंच शिवत नाही.

"म्हंजे आपल्यातलीच हाय," म्या म्हटलं.

इमलनं रेघ परत पाह्यली. मंग म्हने, "पन आजी, तुटतबी नाही कुठं."

म्या म्हटलं, तू म्हनतं शिवता येत नाही, मी तं सुईनं शिवून राह्यली! तवा हासली.

बेस्तरवार, १८

दोरा सरला. दुसरा काढला. टाके बारीक करत जाव तसा दोरा जास्त लागते, जागा थेवढीच. इमल म्हने असंच असते, वीतभर जागेत रेघ पाह्यजे तेवढी लांब होते. मले बरं वाटलं आयकून. वीतभरच, पन सरत नाही.

ताप चढला. तिचा बाप, माहा नामदेव, यवतमाळच्या दवाखान्यातून तसाच आला. पलंग खाली नाही. जेवला नाही.

इतवार, २१

गनिताच्या बाई आल्या! नागपुराहून, मोटारीनं. कौसी कुंपनावर चढाचीच राह्यली होती. बाई आल्या आन् सरळ इमलच्या खाटेवर बसल्या. "विमल, दोन महिने वर्गात नाहीस, निरोप नाही. गावी जाताना साधा ताप म्हणाली होतीस ना?"

मी हरकली. चहा टाकला. घाईत हात दांडीवाल्या कपाकडंच गेला, सवय. दोरा दिसला तवा कप बाईच्या हातात. इमल ओरडली, "बाई, तो नका घेऊ! तो माहा हाय!"

बाई लाल झाल्या. "माझ्यासमोर असलं बोलायचं नाही. मी भेद मानत नाही." आन् घटाघट पेल्या. बामनाची बाई, आमच्या घरी.

इमल रडत म्हने, "तसं नाही बाई. मले टीबी हाय."

बाईनं कप खाली ठेवला.

कप सकाळी उकळला होता. चुलीपाशी पालथा होता ना? उकळला असनच.

मंग बाईनं वाकळीवरच्या रेघेवर बोट फिरवलं, टोकाटोकानं. "हे कुणी केलं?" इमलनं माह्याकडं पाह्यलं. बाई म्हनाल्या, "ओळखीचे डॉक्टर आहेत. पलंगाचं बघते. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येते." जाताना रांजनापाशी हात धुतले, तोंड धुतलं. दोनदा. पानी म्याच टाकलं.

सोमवार, २२

कौसी कुंपनाहून, "येते का वं थे आता?"

म्या म्हटलं, तुह्यावानी नाही थे. बोलली खरी. मंग दिवसभर कप उकळत बसली.

इमल डोळे मिटून म्हने, "आजी, बाईनं बोट ठेवलं ना रेघेवर?" ठेवलं, म्हटलं. पुरं फिरवलं.

वाकळ संगं द्याची हाय, पलंगावर लागन. दोन टोकं राह्यली.

बाईनं इतवार सांगितला. अठ्ठावीस तारीख.