लोण्याच्या मडक्याविषयी अखेरचा खुलासा

मी, दोमितिल लाराद, वय ऐंशी पूर्ण, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार काप-लूत्र, केप ब्रेटन बेट, नोव्हा स्कोशिया. गावात वडिलांच्या नावाने 'प्लासिदची दोमितिल' म्हणून ओळखली जाणारी, कारण लाराद आडनावाच्या दोमितिल इथे तीन होऊन गेल्या आणि पोस्टमनला कुठेतरी फरक करावा लागतो. हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच स्वयंपाकघरात बसून, कोणाच्याही धाकाला वा आर्जवाला बळी न पडता लिहीत आहे. माझे डोके शाबूत आहे. हृदयाची हमी डॉक्टरांनी दिलेली नाही, पण कायदा हृदयाबद्दल विचारत नाही, असे माझी भाची नोएला सांगते. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे, आणि विशेषतः १९८८ सालचे, जे मी निव्वळ रागात लिहिले होते, रद्द समजावीत.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वर सांगितलेल्या नोएलाने करावी. ती माझ्या धाकट्या बहिणीची, ओझितची, मुलगी. दोन्ही घरांत जेवून एका घरातले दुसऱ्या घरात न बोलणे तिला चोवीस वर्षे जमले आहे. यापेक्षा भरवशाचे माणूस मला मिळणार नाही.

कलम २. राहते घर, मागची जमीन आणि समुद्राकडचा गोठा नोएलाला द्यावा. आग्नेयेचा सुएत वारा सुटला की पोटमाळ्याची खिडकी आतून दोरीने बांधावी लागते. नवी खिडकी बसवू नये. नवी बसवलेल्यांच्या खिडक्या मी शेजारच्या कुरणातून गोळा करून दिल्या आहेत.

कलम ३. शेजारी हुबेर शियासों याला माझी शिडी. ती १९९२ पासून त्याच्याकडेच आहे, तेव्हा पोचवण्याची तसदी कोणी घेऊ नये. त्याने मला दोनदा मागणी घातली होती आणि मी दोन्ही वेळा नाही म्हणाले. तरी दर मे महिन्यात पहिले शेवंड माझ्याच दारात आले. शिडी कमी आहे, हे मला ठाऊक आहे.

कलम ४. शाळेतली लाकडी पट्टी चुलीत घालावी. सदतीस वर्षे मी तिने टेबल आपटून मुलांची बोली दुरुस्त केली. घरून आजीचा शब्द घेऊन आलेले पोर माझ्या वर्गातून पुस्तकातला शब्द घेऊन परत जाई, आणि मी याला शिक्षण म्हणत असे. पुढच्या कलमाचे मूळ या पट्टीत आहे.

कलम ५. हे लांब आहे. वकिलांनी कंटाळू नये. बाकीची कलमे मी याच्याच सोबतीला लिहिली आहेत.

१९७१ साली मी टेपरेकॉर्डर आणला आणि आठ वर्षे घरोघर फिरले. हद्दपारीच्या गोष्टी, फुटलेल्या जहाजांच्या, सासूच्या भुताच्या, मीठ लावलेल्या मॅकेरलच्या पिंपात लपलेल्या नवऱ्याची एक; म्हातारी माणसे जे सांगतील ते सारे उतरवून घेतले, कारण ती माणसे गेली की आम्हा फ्रेंच बोलणाऱ्या अकादी लोकांचे उरते काय, तर एकसारखी आडनावे. एकशे चाळीस टेपा झाल्या. आमच्या आईची, मामाँची, एकही नाही. ती घरातच होती. केव्हाही बसू, असे म्हणता म्हणता १९७९ च्या नोव्हेंबरात ती गेली. गावातल्या सगळ्यांच्या आया मी जपून ठेवल्या आणि स्वतःची तेवढी राहिली. याबद्दल मला काय वाटते ते या ओळीच्या जागी तीनदा लिहून खोडले आहे.

मामाँ हिवाळ्यात गोणपाटावर लोकरीचे गालिचे करी आणि हात चालू असताना आमच्या कुळाच्या मूळ बाईची, नानेतची, गोष्ट सांगे. १७५५ साली इंग्रज शिपायांनी आमच्या लोकांचे गाव पेटवून माणसे जहाजांत कोंबली, तेव्हा नानेत अकरा वर्षांची होती. तिथपासून ती या किनाऱ्याला लागेपर्यंतची गोष्ट तीन संध्याकाळी पुरत असे. मी तोवर वह्या तपासायला वर जाई. मामाँजवळ बसून लोकर कापत असे ती ओझित. तिला तिसरीतून शाळा सोडावी लागली होती, कारण मामाँ आजारी पडली आणि दोघींतल्या मोठीला शिकवायचे असे घरात ठरले. मोठी म्हणजे मी.

१९८५ साली काप-लूत्रला दोनशे वर्षे झाली म्हणून गावाने पुस्तक काढले. लिहिले मी. नानेतची गोष्ट आठवेल तशी लिहिली आणि आठवले तेही सुधारून घेतले. मामाँच्या गोष्टीत नानेत जहाजावर चढताना झग्याखाली शेजारणीचे चोरलेले लोण्याचे मडके लपवते. समारंभाला बिशप येणार होते. आपली मूळ बाई लोणीचोर होती हे माझ्या हातून लिहवेना, म्हणून मडक्याच्या जागी मी चर्चचा चांदीचा प्याला घातला. तो इतका शोभला की आमच्या छोट्या संग्रहालयात आज काचेच्या पेटीत तसा एक प्याला ठेवलेला आहे. तो हॅलिफॅक्सच्या एका दुकानातला आहे.

प्रकाशनाच्या दिवशी भरल्या सभागृहात ओझित उठून उभी राहिली.

"दोमितिल, हा प्याला कुठून आणलास?"

"इतिहासातून," मी म्हणाले.

"मामाँच्या गोष्टीत लोणी होतं. तू मामाँला इस्त्री मारलीस की गं."

लोक हसले. मला हसलेले खपत नाही. हे माझा कोणताही विद्यार्थी सांगेल. मी माईकवरून म्हणाले, "जिला स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही, तिने मला इतिहास शिकवू नये."

मग कोणी हसले नाही. ओझित शांतपणे खाली बसली, कार्यक्रम संपेपर्यंत थांबली, आणि त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिचे घर माझ्यापासून चौथे आहे. मी माफी मागायला हवी होती. पहिल्या आठवड्यात मागितली नाही, आणि मग वर्षाने मागायचीही लाज वाटू लागली.

आता वकिलांसाठी लिहिते, कारण ते बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या सिडनी शहरातले आहेत. ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या मध्यावर, गुरुवारी, आमच्याकडे मि-कारेम असते. माणसे मुखवटे घालून घरोघर जातात, घरच्यांनी ओळखायचे असते. आवाज कळू नये म्हणून श्वास आत ओढत बोलतात. नाव बरोबर आले की मुखवटा काढायचा. चुकले की पाहुणा तसाच बसतो, खातो आणि अनोळखीच निघून जातो.

१९८६ च्या मि-कारेमला हुबेर आणि समोरची अल्फ्रेदा माझ्याकडे बसली होती, आणि सणाचे आवाज जमवावेत म्हणून टेपरेकॉर्डर फळीवर चालू होता. एक पाहुणा आला. कोळ्याचा मेणकापडी कोट, तोंडावर उशीच्या अभ्र्याचा मुखवटा. खुर्चीत बसताच त्याने ओले हातमोजे मांडीखाली दाबले. मामाँ असे करायची. मामाँनंतर जगात एकच बाई असे करते. मी ओळखले. मग मुखवटा श्वास आत ओढत म्हणाला, "ही गोष्ट खोटी असेल तर जीभ माझी नाही, माझ्या आजीची झडो." मामाँची सुरुवात. आणि नानेतची गोष्ट सुरू झाली, मडक्यासकट. दहा मिनिटांत थांबली.

"ओळखा," अल्फ्रेदा म्हणाली.

"हा तर हुबेर," मी म्हणाले.

हुबेर माझ्या शेजारी बसून वडी खात होता. "मी इथे आहे की तिथे, ते आधी ठरवून घ्या," तो म्हणाला.

नाव घेतले असते तर मुखवटा उतरला असता, आणि मुखवट्याखालची ओझित माझ्याशी बोलत नव्हती. मुखवटा बोलत होता. म्हणून मी दरवर्षी चुकले. तेवीस वर्षे ती आली, दरवर्षी दहा मिनिटांची गोष्ट पुढे नेली, आणि मी दरवर्षी म्हणाले, हुबेर. पहिली काही वर्षे ती श्वास आत ओढून बोले, नंतर दम पुरेनासा झाला तेव्हा सरळ स्वतःच्या आवाजात बोलू लागली, आणि गावातले कोणी हूं की चूं केले नाही. त्या तेवीस टेपा कपाटात वरच्या फळीवर आहेत. माझ्याच हाताने त्यांवर लिहिले आहे: अनोळखी पाहुणा.

त्या ऐकून मला माझी खरी चूक कळली. मडके तर मी जाणूनबुजून बदलले होते. पण नवव्या टेपेत नानेतला एक मोठी बहीण आहे. सकाळी दोघींचे भांडण झालेले, शिपाई त्यांना वेगवेगळ्या जहाजांवर चढवतात, आणि मोठी मागे वळून पाहत नाही. नानेत ओरडत राहते, लोणी माझ्याकडे आहे, लोणी माझ्याकडे आहे, कारण तिला दुसरे काही सुचत नाही. पुढे प्रत्येक बंदरात ती मोठीची चौकशी करते. माझ्या पुस्तकात नानेत एकटी आहे. मी अख्खी बहीण विसरले. रात्ररात्र आठवून पाहिले तरी मामाँच्या तोंडी ती मला ऐकू येत नाही. तिचे पुढे काय झाले हे मला माहीत नाही, आणि तेविसाव्या टेपेपर्यंत त्या दोघी भेटलेल्या नाहीत.

येत्या गुरुवारी मि-कारेम आहे. पुढची मला मिळेल असे दिसत नाही. म्हणून या वेळी मी बरोबर नाव घेणार आहे. ओझितला ते अपमानाचे वाटून ती उठून गेली, तर गोष्ट अपुरी राहील आणि बहीणही जाईल, ही भीती मला आहे, आणि म्हणूनच हा कागद गुरुवारच्या आधी लिहीत आहे.

सबब, एकशे चाळीस टेपा गावाच्या संग्रहालयाला द्याव्यात. तेवीस टेपा ओझितला द्याव्यात; त्या तिच्या आहेत. तिने परवानगी दिली तरच त्यांच्या प्रती गावासाठी करून ठेवाव्यात, माझी सगळी बचत त्या कामी लावावी, आणि प्रत्येक टेपेवर 'अनोळखी पाहुणा' खोडून 'ओझित लाराद' असे ठळक लिहावे.

कलम ६. पुस्तकाच्या उरलेल्या सर्व प्रतींत दुरुस्तीचे पान चिकटवावे: प्याला नव्हता, लोणी होते, चोरलेले होते, आणि नानेतला एक मोठी बहीण होती, तिला लेखिका विसरली. काचेच्या पेटीत लोण्याचे मडके ठेवावे.

कलम ७. मामाँची गालिच्याची चौकट ओझितला. ती मी वाटणीत हट्टाने घेतली होती. मला तिच्यावर एक टाकाही घालता येत नाही.

सही: दोमितिल लाराद
साक्षीदार: हुबेर शियासों, अल्फ्रेदा ओक्वें. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही केली. हुबेरने शिडीचे कलम वाचून हरकत घेतली, ती फेटाळली.
काप-लूत्र, १६ मार्च २००९

पुरवणी

मी, तीच दोमितिल, वरील मृत्युपत्राला ही जोड देत आहे. डोके अजून शाबूत आहे.

काल चार वाजता ती आली. खुब्याचे दुखणे आहे, त्यामुळे काठी होती, आणि काठी साऱ्या गावाच्या ओळखीची आहे. हातमोजे मांडीखाली गेले. ती तोंड उघडण्याआधीच मी म्हणाले, "ओझित."

मग तिने अभ्रा डोक्यावरून ओढून काढला. दर रविवारी चर्चमध्ये मला तिची पाठ दिसते. समोरून चोवीस वर्षांत पाहिली नव्हती. ती मामाँ झाली आहे.

"उशीर केलास, मास्तरीणबाई," ती म्हणाली.

"मी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं."

"मग?"

"नाव घेतलं असतं तर तू परत आली नसतीस."

"अगं, नाव घ्यावंस म्हणून तर येत होते."

मी सभागृहातल्या त्या वाक्याची माफी मागितली. हुबेर आणि अल्फ्रेदासमोर मागितली. ओझित म्हणाली, "बरं," आणि वडी घेतली. मग मी जे विचारायला इतकी वर्षे थांबले होते ते विचारले. "त्या मोठीचं काय झालं?"

"कोणत्या मोठीचं?"

"नानेतच्या. दुसऱ्या जहाजातली."

ओझितने वडी खाली ठेवली. "दोमितिल, मामाँच्या गोष्टीत एकच पोर होती. मोठी मी घातली. नववं वर्ष होतं. म्हटलं, एवढं ऐकून तरी ही माझं नाव घेईल. तू म्हणालीस, हुबेर."

हुबेरने मान खाली घातली, जणू चूक त्याची होती.

"मग त्या भेटल्या का?" मी विचारले.

"मला काय विचारतेस? मोठी तू आहेस."

सबब, कलम ६ मधील दुरुस्तीचे पान असे वाचावे: लोणी मामाँचे, मोठी बहीण ओझितची. दोन्ही गोष्टीत राहू द्यावीत, आणि कोणी कोणाची म्हणून सांगितली तेही लिहावे. टेपांच्या प्रतींना ओझितने परवानगी दिली आहे. कालची टेप चोविसावी. तिच्यावर दोघींची नावे घालावीत. शेवटचे वाक्य झाल्यावर तिच्यात अकरा मिनिटे कोणी बोलत नाही. खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज येतो आणि मग काहीच नाही. प्रत करणारा माणूस ते रिकामे समजेल. तिथे आम्ही दोघी आहोत. ती अकरा मिनिटे कोणी कापू नयेत.

सही: दोमितिल लाराद
साक्षीदार: हुबेर शियासों, अल्फ्रेदा ओक्वें
साक्षीदार नव्हे, कारण लाभार्थीला साक्ष देता येत नाही (हुबेरची शिडी आधीपासून त्याच्याचकडे आहे, ती लाभात धरू नये). पण मला आपले नाव लिहायचेच आहे असे म्हणून, स्वतःच्या हाताने: ओझित लाराद
काप-लूत्र, २० मार्च २००९