‘सगळे काढा’ नावाचं बटण

ती. दादांना साष्टांग नमस्कार,

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि वहिनींचा खोकला थांबला असेल, असं धरून चालतो. इकडे मी ठीक आहे (चहा मला येतो, बाकीचं शिकतोय). तुमची बहीण चार दिवस बदल म्हणून माहेरी आली आहे, असं तिने तुम्हाला सांगितलं असणार. ती सभ्य आहे. खरं कारण मी लिहितो, आणि तेही हाताने, कारण कॉम्प्युटरला हात लावायची सध्या मला भीती वाटते.

महिनाभर आमच्या कॉम्प्युटरवर जाहिराती उड्या मारत होत्या. केस उगवायचं तेल, पोट आत घेणारा पट्टा (माझी माहिती त्यांना कोणी पुरवली कोण जाणे). मी साहजिकच तुमच्या बहिणीवर आळ घेतला. तिने स्वेटरचे नमुने आखायचा एक फुकटातला प्रोग्रॅम घेतला होता, तोच व्हायरस, असं मी जेवताना जाहीर करून टाकलं. मग अँटिव्हायरस आणला आणि नळ दुरुस्त करणाऱ्याच्या मागे उभं राहावं तसा त्याच्यावर नजर ठेवून बसलो.

त्याने सांगितलं, व्हायरस एकही नाही. पाच प्रोग्रॅम मात्र ‘कदाचित नको असलेले’ आहेत. दादा, ही जातच वेगळी. हे चोरून घुसत नाहीत. दुसऱ्या फुकट प्रोग्रॅमचं बोट धरून येतात, आणि आपण ‘पुढे, पुढे, मान्य’ करत गेलो की रीतसर आपल्याच परवानगीने मुक्काम ठोकतात. म्हणून अँटिव्हायरस त्यांना परस्पर हाकलत नाही, ठेवू की काढू असं एकेकाबद्दल आपल्याला विचारतो. पाचातले चार मीच आणलेले निघाले, स्वतःचे जुने फोटो उजळायच्या नादात. मी, जो विम्याच्या ऑफिसात येईल त्याला बारीक अक्षरं वाचून मगच सही करा म्हणून दटावतो! पाचवा तिचा (त्याच्या पोटातच थोड्या जाहिराती होत्या, एवढाच त्याचा दोष). चारांची भानगड तिला कळायच्या आत पुरावा नाहीसा करावा म्हणून मी घाईघाईने ‘सगळे काढा’ दाबलं.

तिने कित्येक दिवस खपून आखलेला नमुना त्या पाचव्यातच होता. ती ओरडली नाही. “त्या मशीनने सुद्धा आधी विचारलं. तुम्ही नाही विचारलंत,” एवढं म्हणाली आणि बॅग भरायला लागली. घर फार शांत झालंय, ते मला आवडत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुमच्या बहिणीचा नवरा
(हे पद अद्याप माझ्याकडेच आहे असं समजून)

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात राहवेना म्हणून कॉम्प्युटर लावला. अँटिव्हायरस काढलेलं लगेच फेकत नाही, एका बंद कप्प्यात ठेवतो, असं कळलं. तिचा प्रोग्रॅम परत आणला. (घाईत ‘सगळे परत आणा’ दाबलं. तेलवालेही आलेत.)

आणखी ता. क. तिचा नमुना उघडून पाहिला. हेही तिला न विचारताच. स्वेटर पुरुषाचा आहे आणि मापं माझी आहेत. तिला एवढंच सांगा, की पोटाचं माप गेल्या वर्षीचं दिसतंय. येऊन नव्याने घ्यावं लागेल.