‘आमचे’ म्हणजे कोणाचे

बुधवारा, बुऱ्हाणपूर
रविवार

तीर्थरूप मालूआत्या,

दोन्ही हात जोडून नमस्कार (वाकून करायचा तो तुम्ही आल्यावर). गुडघा कसा आहे? फोनवर बोलताना बाबा शेजारीच बसतात, म्हणून पत्र लिहिते आहे.

माझं एम.एस्सी.चं काम तुम्हाला माहीत आहेच. रक्तदाबाचे वरचे-खालचे आकडे आणि नाडी यांवरून हृदय किती रक्त ढकलतं, याचा गणिताने अंदाज काढायचा. केळीच्या बागेत नळीतला दाब बघून मोटर किती पाणी टाकते ते ओळखावं, तसं (यात गृहीत धरलेलं सगळं लिहिलं तर पाकीट जड होईल). आईने तीन आठवडे दोघांचे आकडे वहीत लिहिले. एका रकान्यावर ‘आमचे’, दुसऱ्याच्या मथळ्याची जागा कोरी. कोरा मथळा मला बघवत नाही, म्हणून तिथे मी ‘बाबा’ लिहिलं. ‘आमचे’ म्हणजे आईचे स्वतःचे, असं धरलं (आपल्या गल्लीत ‘हमारा’ म्हणजे ‘माझं’च ना). उत्तर आलं की बाबांचं हृदय ठणठणीत, आईचं थकलेलं. बाबांनी लगेच आईला पलंगावर बसवलं. चहा तेच करू लागले, पाण्याच्या बादल्या तेच वर नेऊ लागले आणि माझा आलेख औषधाच्या दुकानापर्यंत सगळ्यांना दाखवून आले.

आज मी स्वतः दोघांचं मोजलं. आकडे उलटे. आईला विचारलं तर म्हणते, “आमचे म्हणजे तुझे बाबाच ना. त्यांचं नाव कसं लिहू वहीत?”

थकलेलं हृदय बाबांचं आहे, आत्या. (माझा अंदाज सोडून द्या, पण वरचा आकडा १६८ आहे, त्यात अंदाज नाही.) बादल्या मी काढून घेतल्या. चूक कबूल केली, डॉक्टरकडे चला म्हटलं. म्हणाले, “मशीन बिघडलं असेल. तुझं गणित चुकत नाही, पाढे मी शिकवलेत.” आलेख घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलाय, डाव्या बाजूला.

ते फक्त तुमचं ऐकतात. पत्र मिळताच पहिल्या गाडीने या.

तुमची,
रश्मी

ता. क. गुडघा दाखवायचाय, सोबत चल, असं बाबांना सांगा. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला त्रास देते आहे.

पुन्हा ता. क. आई म्हणते, तिचं हृदय ठणठणीत आहे हे मात्र त्यांना पटवू नका. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिला हातात चहा मिळतोय. चहा करताना बाबांच्या हृदयावर किती ताण येतो, ते मी गणिताने काढून पाहिलं. नगण्य आहे. (या वेळी रकाने दोनदा तपासले.)