चूक असेल तर फोन ठेव

प्रिय पंतोजी,

पत्र वहिनींच्या हाती देतेय. तुझ्या कार्यालयात पाठवलं असतं तर तुझ्याआधी चार जणांनी वाचलं असतं. वहिनी म्हणाल्या, हल्ली तू घरात बातम्याही लावू देत नाहीस. मला हसू आलं. ताटाभोवती वर्तमानपत्रं पसरून जेवणारा आणि त्यावरून त्यांची बोलणी खाणारा माणूस तू.

बातमीदारी सोडून तू सरकारचा प्रवक्ता झालास, तेव्हा अख्खं ऑफिस तुझ्या नावानं बोटं मोडत होतं. तुझ्या बाजूनं मी एकटी भांडले. म्हटलं, आपला माणूस आत गेलाय, निदान खोटं तरी जरा कमी बाहेर येईल. तुझ्या त्या एका अंगाला कलणाऱ्या खुर्चीवर मी कुणाला बसू दिलं नाही. मीच बसायचे, आणि रोज एकदा तरी पडता पडता वाचायचे.

राजकीय बातमी कशी पक्की करायची, ते तूच शिकवलंस. घाबरलेल्या माणसाला बोलायला लावायचं नाही. त्याला बातमी वाचून दाखवायची, चूक असेल तर फोन ठेवा म्हणायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. तो थांबला तर बातमी पक्की. बिचाऱ्याला फुटावंही लागत नाही आणि खोटंही बोलावं लागत नाही. आणि अशा माणसाचं नाव मेलो तरी सांगायचं नाही, हेही तुझंच.

म्हणून नव्या पुलाची बातमी हाती आली, तेव्हा मी तुलाच फोन केला. खांबाला तडा गेल्याचं अभियंत्यांनी उद्घाटनाआधीच सरकारला कळवलं होतं, एवढंच वाचून दाखवलं. म्हटलं, चूक असेल तर फोन ठेव. तू ठेवला नाहीस. तुझा श्वास ऐकू येत होता, मागे कुणीतरी कपबशा गोळा करत होतं. तुझ्यासाठी म्हणून मी पंधरापर्यंत मोजलं. मग बातमी छापली.

दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत तू बातमी धादांत खोटी असल्याचं सांगितलंस. वर म्हणालास, बातमीदारानं साधी खातरजमाही केली नाही. मी तिसऱ्या रांगेत होते. तू माझ्याकडे बघितलंस, पाणी प्यालास आणि पुढचा प्रश्न घेतलास. केसानं गळा कापलास रे. बातमी नाकारलीस, ते तुझं कामच आहे, समजू शकते. पण खातरजमा केली नाही, हे तुझ्या तोंडून कसं निघालं? आमच्या मालकांनी माफी छापली आणि मला घरी बसवलं. आई शेजारी सांगते, पोरगी रजेवर आहे. पुलावरून अजून गाड्या जाताहेत.

उद्या मालकांनी मला शेवटचं बोलावलंय, सरकारतर्फे येणाऱ्या तुझ्यासमोर. बातमी कुणी पक्की केली ते सांगितलं तर नोकरी परत, नाहीतर नारळ. मी नाव सांगणार नाही, तू निर्धास्त ये. फक्त आज तुला एक बातमी वाचून दाखवते, छापायची नाहीये. तू फोन धरून ठेवलास, तेव्हाच मला तोंडघशी पाडायचं तुझं ठरलं होतं. उद्या मालक नाव विचारतील, तेव्हा मी गप्प बसेन आणि मनात दहापर्यंत मोजेन. हे चूक असेल तर उठून बाहेर जा. बसून राहिलास तर बातमी पक्की.

तुझीच, अजून तरी,
शिकाऊ